हजारातला एक

शर्वाणीने आरशाच्या स्टँडला पुन्हा बोट टेकवलं. समोरच्या पडद्यावरचा लालभडक ठिपका ढिम्म हलला नाही. आरसा केसाच्या हजाराव्या हिश्शाने कलला तरी ठिपका सरकलेला दिसायला हवा, ही तिची पीएचडी. तीन महिने ती लेझरचा प्रकाश वाढवतच चालली होती. दुपारी समिती येणार होती. ठिपका हलला नाही तर विषय बदला, असं त्यांनी मागेच बजावलं होतं.

"अगं, प्रकाश वाढवून काय होणार?" तिच्या गाईड घारपुरे मॅडमनी हातातला जेवणाचा डबा स्टुलावर ठेवला आणि पडद्याअलीकडचा फिल्टर चिमटीने अलगद फिरवला. ठिपका विझत विझत जेमतेम दिसण्यापुरता उरला.

"मॅडम, सगळाच गेला की!"

"जाऊ दे. आता प्रकाशाच्या हजार कणांतला एकच पडद्यापर्यंत येतो, पण आरशाचा कल त्याच्यात कितीतरी मोठा होऊन दिसतो. बाकीच्यांच्या झगमगाटात तो बुडून जात होता. आता टेकव बोट. दाबू नकोस हं."

शर्वाणीने श्वास रोखून बोट टेकवलं. फिकट ठिपका चांगला बोटभर सरकला. मागे आला. पुन्हा सरकला, ठेका धरल्यासारखा.

"हे काय होतंय?"

"तुझी नाडी आहे ती," मॅडम डब्याचं झाकण उघडत म्हणाल्या.

शर्वाणीने वळून त्यांच्याकडे पाहिलं. बोट तसंच टेकलेलं होतं. पडद्यावरचा ठिपका भराभर उड्या मारायला लागला.