आजोबांची नाडी

सोमवारी सकाळी, आरोग्य केंद्राच्या तपासणी खोलीत, डॉक्टरांनी आजोबांच्या छातीवरचा स्टेथोस्कोप काढला आणि चकित होऊन संगणकाकडे पाहिले. आजोबांना दिलेल्या, घरून नाडी कळवणाऱ्या पट्ट्याने धोक्याचा इशारा दिल्यामुळेच त्यांना तातडीने बोलावले होते. सून धापा टाकीत त्यांना जिना चढवून घेऊन आली होती.

"आजोबा, तुमचं हृदय तर ठणठणीत आहे!"

"असणारच! तो पट्टा मांजराच्या गळ्यात बांधा म्हटलं, मी एक दिवसही घातला नाही."

"मग संगणकावर ही नाडी कोणाची?"

सून ओशाळून हसली. "नोंद आली नाही की तुमचा फोन येतो ना, म्हणून मीच घालत होते."

डॉक्टरांनी घाईघाईने खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"आजोबा, तुम्ही घरी जा. सूनबाईंना दाखल करावं लागेल."