ओरडा

हाफटाइमची शिट्टी झाली तेव्हा धैर्यशीलच्या फुटबॉल टीमच्या पोरी दोन गोलनी मागे होत्या आणि त्यानं सकाळपासून तोंडातून ब्र काढला नव्हता. ऑगस्टमधला, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातला शनिवार. हॅमिल्टनचं धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. पोरी ओल्या गवतावर बसून संत्र्याच्या फोडी चोखत होत्या, आणि त्यांचा कोच आपल्याच बुटांकडे बघत बाजूला उभा होता.

टीम कॉलेजची, पण कॉलेज म्हणजे इथलं हायस्कूलच. पगारी खेळाडूंना शिकवलेला माणूस शाळेच्या पोरींना काय सांभाळणार, ही शंका पालकांना सीझनच्या सुरुवातीपासूनच होती. गोव्यात तो एका मोठ्या क्लबचा कोच होता. इथे दुधाच्या पावडरीच्या फॅक्टरीत शिफ्ट करायचा, जीव मात्र या मैदानावर टाकायचा. अडचण एकच, आवाज कोल्हापूरचा. शेवटी कुणीतरी तक्रार केली. शाळेचे खेळ बघणाऱ्या मिस वॉल्शनी मंगळवारी त्याला फार गोड शब्दांत सांगितलं, की आणखी एकदा ओरडलात तर टीम दुसऱ्याकडे जाईल. तक्रार कुणाची ते त्यांनी सांगितलं नाही. पण गोलकीपर सिद्धीची आई स्नेहलता तेव्हापासून त्याची नजर चुकवत होती, आणि एरवी याच वहिनी थर्मासमधला चहा दिल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

सिद्धीला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती ग्लोव्ह्ज न काढताच त्याच्यापाशी आली.

"कोच, मला ड्रॉप करताय का?"

"नाही गं. छान खेळतेयस तू," तो हळू म्हणाला. आता असंच बोलायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

त्यावर ती जास्तच घाबरली.

"एव्हरीवन सेज 'गुड ट्राय'," ती म्हणाली. "तुम्हीच फक्त खरं सांगायचात. आता ऑल वीक, नथिंग."

धैर्यशीलला एकदम म्हादबा वस्ताद आठवले. कोल्हापुरात पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाला ते शिकवायचे. त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की गोलमध्ये उभ्या धैर्यशीलचे कान तापायचे, पण चार शिव्या खाल्ल्याशिवाय सराव झाल्यासारखंही वाटायचं नाही. एकदा वस्ताद आठवडाभर त्याच्याशी बोललेच नाहीत. रविवारी गोलमध्ये दुसराच उभा. तालमीच्या मागे बसून तो पोटभर रडला होता. पुढे क्लबमध्ये त्यानंही हेच केलं, ज्याला काढायचं त्याच्याशी बोलणं बंद. इथे जन्मलेल्या या पोरीला हे कुणी शिकवलं होतं? वस्ताद जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. त्यांचा एक ओरडा पुन्हा कानावर पडणार असता, तर तो इथून चालत कोल्हापूरला गेला असता.

खेळ पुन्हा सुरू झाला. सिद्धी गोलरेषेवर खिळल्यासारखी उभी. समोरून उंच बॉल आला, ती हललीच नाही, आणि बॉल खांबाला लागून परत गेला म्हणून तिसरा गोल वाचला. धैर्यशीलनं डावीकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ मिस वॉल्श उभ्या होत्या. शेजारीच स्नेहलता. त्यानं एकदा मिस वॉल्शकडे नीट बघून घेतलं आणि मग छाती भरून श्वास घेतला.

"सिद्धे, पाय काय पुरून ठेवल्यात व्हय गं? भाईर ये की!"

पलीकडच्या मैदानावरची रग्बीसुद्धा क्षणभर थांबली असावी. पुढचा उंच बॉल आला तेव्हा सिद्धी दोन पोरींच्या मधून घुसून बाहेर आली आणि तिनं तो पोटाशी धरला. त्यानंतर धैर्यशील थांबलाच नाही. आठवड्याचं सगळं साचलेलं त्यानं त्या अर्ध्या खेळात ओतलं. पोरी हरल्या त्या दोन गोलनीच. तिसरा काही झाला नाही.

मिस वॉल्शना त्यातला एक शब्द कळला नव्हता, पण तशी गरजही नव्हती. आवाज पुरेसा होता. त्या आल्या, सीझनभराच्या मेहनतीबद्दल त्यांनी मनापासून आभार मानले, आणि सोमवारची प्रॅक्टिस दुसरं कुणीतरी घेईल असं सांगितलं. धैर्यशील मैदानाच्या कडेला मांडलेले सरावाचे प्लास्टिकचे कोन गोळा करायला लागला.

तिकडे सिद्धी चिखलानं माखलेली, धापा टाकत आईकडे पळत गेली.

"आई, ऐकलंस? ते माझ्यावर ओरडले," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "म्हणजे मी टीममध्ये आहे."