भरलेली खुर्ची

सलून नवं, खुर्ची एकच, आणि गिऱ्हाइकाचा पत्ता नाही. लहान धंदेवाल्यांना सल्ला देणारे साहेब येऊन सांगून गेले, "रिकामं दुकान बघून माणूस आत पाऊल टाकत नाही. खुर्चीत कोणीतरी बसलेलं दिसलंच पाहिजे." महिनाअखेरपर्यंत जम बसला नाही, तर निमूट सासऱ्यांच्या गोदामात कामाला जायचं ठरलं होतं. म्हणून सलूनवाल्याने सकाळीच मेहुण्याला धरून आणलं आणि खुर्चीत बसवलं.

दुपारपर्यंत मेहुण्याच्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलं नाही. मग त्याच्या गालांना फेस फासला. सलूनवाला एकदा वस्तरा पुसायचा, एकदा कंगवे लावायचा, पण डोळे सारखे दाराकडे. माणसं काचेतून आत डोकावायची, आणि तो "या, बसा" म्हणेपर्यंत पुढे निघून जायची.

"भाऊजी, फेस वाळून खाज सुटली. आता तरी उठू का?"

"हलू नकोस! कोणीतरी येतंय."

दारात साहेब उभे होते, दाढीचे खुंट वाढलेले. खुर्चीकडे बघून त्यांचा चेहरा खुलला.

"बघा, म्हटलं नव्हतं? चालू द्या तुमचं!" ते गालावरून हात फिरवत म्हणाले.

 

"मी जरा घाईत आहे. समोरचं सलून रिकामं दिसतंय, तिथेच दाढी उरकून घेतो."