हिना आणि लसूण

मुनीरभाईंनी दुकानातली काचेची डबी उघडली. आत शालनताईंच्या पेशींपासून वाढवलेली रुपयाएवढी जिवंत त्वचा होती. गिऱ्हाईक घरी असलं तरी कोणतं अत्तर त्याच्या अंगावर कसं दरवळेल, ते अशा डबीवरून कळे. शालनताई गेल्या होत्या, त्यामुळे त्यांची डबी आज बंद करायची होती. त्याआधी त्यांच्या यजमानांना, गणपुल्यांना, त्यांचं हिना अत्तर एकदा हुंगायचं होतं.

हुंगून ते म्हणाले, "ही ती नाही. वाटलंच होतं."

"पेशी त्यांच्याच आहेत, काका."

"असतील. पण ती फोडणी टाकून आली की अत्तर लावायची." गणपुल्यांनी खिशातून सोललेली लसणाची पाकळी काढली. "आधी ही चोळा."

मुनीरभाईंनी पाकळी चोळली, मग वर अत्तर लावलं.

गणपुले डबीवर वाकले आणि सवयीने म्हणाले, "अगं, आधी हात तरी धू."