पितळेचा कीस

"आता हातोडा उचललास तर ॲक्सलच मोडशील," स्टुलावर बसलेले बाबा म्हणाले.

लेकीनं हातोडा खाली ठेवला. गवत कापायच्या छोट्या ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल वाइसच्या लोखंडी पकडीत आडवा धरलेला होता. त्याच्या टोकाच्या भोकात पितळेचा बुश होता, बोटभर लांबीची नळीच ती. भाड्यानं राहायला यावं आणि घर आपलंच समजावं, तसा तो आत ठाण मांडून बसला होता. तेल पाजून झालं, गॅसची आच देऊन झाली, ठोकाठोकी तर सकाळपासून चालूच होती. बुशाची कड तेवढी तुटली. बुश काही जागचा हलला नाही.

बाकावर बसलेला मैदानाचा माळी मघापासून एकच घोकत होता. "ताई, हा ॲक्सल आता कुठं मिळत नाही हो. याचं काही बरंवाईट झालं तर ट्रॅक्टर भंगारात गेला म्हणून समजा."

"आतून कापावा लागेल," बाबा म्हणाले. "करवतीचं पातं भोकातून ओवायचं आणि बुशाला उभी चीर द्यायची."

"आणि पातं बुशातून पार होऊन ॲक्सलला लागलं तर?"

"तर माळीबुवा आपल्या नावानं शंख करतील. आण ती करवत इकडं."

लेकीनं त्यांच्या हाताकडं पाहिलं. गुडघ्यावर ठेवलेला तो हात नेहमीसारखा थरथरत होता. हे दुखणं मागं लागल्यापासून तिनं त्यांच्याकडं एकही हत्यार दिलं नव्हतं. ज्यांनी हे गॅरेज उभं केलं ते आता धान्य निवडावं तसे नटबोल्ट निवडत बसायचे. तिला ते बघवत नव्हतं, पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

"बाबा, हात…"

"हात तसाही गप्प बसत नाही. नुसता हलण्यापेक्षा काहीतरी कापेल तरी."

माळी हसला. मग ॲक्सल आपलाच आहे हे आठवून त्यानं तोंड मिटलं.

परक्या माणसासमोर बापाला नाही म्हणणं लेकीला जमेना. शिवाय आपला हात घाईचा, हेही ती जाणून होती. तिनं पातं भोकातून ओवलं, करवतीच्या चौकटीला आवळलं आणि मूठ त्यांच्या हातात दिली. भोकाखाली पांढरं फडकं धरून ती उभी राहिली.

सुरुवात बघण्यासारखी नव्हती. पातं खडखडलं, दोनदा घसरलं. माळ्यानं डोळे मिटून घेतले. बाबांनी दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवली, श्वास सोडला आणि पुन्हा सुरू केलं. हळूहळू पितळेत खाच पडली आणि मग त्या खाचेनंच पातं धरून ठेवलं. हात कोपरापर्यंत थरथरत होता, पातं मात्र सरळ वर-खाली जात होतं. फडक्यावर पिवळा कीस पडू लागला.

लेक त्या किसावरून नजर हलवत नव्हती. पितळ पिवळं, ॲक्सलचं लोखंड करडं. चिमूटभर करडा कीस पडला की खेळ खलास. तिला थरथरीपेक्षा भीती होती ती बाबांच्या हट्टाची. हातात घेतलेलं काम त्यांनी आयुष्यात कधी दुसऱ्याकडं दिलं नव्हतं. आज तर इतक्या दिवसांनी काम मिळालं होतं, ते काय सोडतात! 'बास' हा शब्द तिच्या अगदी ओठावर आला होता. बापाला कसं थांबवायचं, एवढंच तिच्या मनात चाललं होतं.

करवत थांबली.

"अजून पिवळाच पडतोय, बाबा."

"म्हणूनच थांबलो." त्यांनी बाहीनं कपाळ पुसलं. "केसाएवढं उरलंय. ते कापायचं नाही. बारीक छिन्नी लाव आणि चिरेची कड आत वळव. तिथं हात स्थिर लागतो. ते तुझं काम."

पाना पुढं कर म्हणावं इतक्या सहज ते बोलले, तेही गिऱ्हाइकासमोर. बंद पडलेली इंजिनं या माणसानं सुरू केलेली तिनं लहानपणापासून पाहिली होती, पण एवढं अवघड काम करताना कधी पाहिलं नव्हतं.

तिनं छिन्नी लावली. हलके ठोके दिले. पितळेची कड आत दुमडली, बुश सैल झाला, कलला आणि टपकन फडक्यात पडला. माळ्यानं धावत येऊन बॅटरीच्या उजेडात भोक आतून पाहिलं. ग्रीसनं काळवंडलेल्या लोखंडावर एक ओरखडासुद्धा नव्हता.

"मानलं बुवा!" तो म्हणाला, आणि लगेच कसनुसा झाला. "पण ताई, दुसऱ्या टोकाचा बुशही असाच गच्च बसलाय."

लेकीनं वाइस सैल केला, ॲक्सल फिरवला आणि दुसरं टोक आवळून धरलं. करवतीला नवं पातं ओवलं. स्टूल पुढं सरकवलं आणि मूठ पुन्हा बाबांच्या थरथरत्या हातात दिली.

"बाबा, मी चहा टाकते," ती म्हणाली. "थांबलात की हाक मारा."

माळी ताडकन उठला. "अहो ताई, तुम्ही इथं नको का उभ्या राहायला?"

"मी कशाला?" असं म्हणून ती मागं न बघता आत गेली.