वीतभर काठ

कपबशी किणकिणली. एवढ्या मोठ्या खोलीत तेवढाच आवाज. म्हाताऱ्या चित्रकारांनी बशी घाईघाईने खिडकीत ठेवली आणि हात खिशात घातला.

संग्रहालयाच्या बाईंचं लक्ष नव्हतं. त्या चित्राला नाक लावून उभ्या होत्या. भिंतीवर तीन कॅनव्हास, एकही धड चौकोनी नाही. मधला तिरका कापलेला, बाजूचे दोन्ही त्याच्या कलाने वळलेले. शेंदरी संपतो तिथेच निळा सुरू. मध्ये केस शिरायला जागा नाही.

"काय हात आहे हो सरांचा, या वयात," बाई म्हणाल्या. "सुरीने कापल्यासारखे काठ."

मदतनीस मागेच उभी होती. दोन वर्षं सगळे काठ तीच करत होती. आकार सरांचे, रंग सरांचे. रेघ सरळ यावी म्हणून काठावर चिकटटेप लावायची ती. नखाने दाबून बसवायची, रंग पुरता वाळायच्या आत अलगद सोलायची. सोललेल्या टेपांचे गोळे करायला पाच वर्षांची लेक असायचीच. ती सरांना आजोबा म्हणायची.

बाईंचं बोट खालच्या कोपऱ्यात थांबलं. "इथे मात्र वीतभर रेघ थरथरलीय. मदतनिसाचा हात लागला वाटतं?"

सरांनी तोंड उघडलं. त्याआधीच ती म्हणाली, "हो. माझंच चुकलं."

"तेवढं सरळ करून ठेवा, मग उद्या गाडी पाठवते. असं समितीपुढे नाही नेता यायचं."

बाई गेल्या. सरांनी खिशातला हात बाहेर काढला.

"मीच हट्ट धरला," ते म्हणाले. "म्हटलं, एक तरी काठ टेपशिवाय ओढू. आणि तू कशाला उगाच बोलणी खाल्लीस?"

"तुमची रोज खाते की. त्यात आणखी एक."

सर हसले. मग हळूच म्हणाले, "लाव टेप."

तिने टेप ओढली. चर्रर्र. गुडघे टेकून ती त्या रेघेसमोर बसली. इतक्या जवळून बघितल्यावर दिसलं, रेघ थरथरली होती खरी, पण मध्ये कुठेही थांबली नव्हती.

लेक येऊन खांद्याला टेकली.

"आई, आजोबांनी काढलेली ही एकच ना?"

"हो."

"मग हीच का पुसायची?"