काचेवरची पूड

“त्या दीर्घिकेत आता तारे जन्मत नाहीत, एवढं एक वाक्य लिही आणि शोधनिबंध पाठवून दे,” पुण्याहून मार्गदर्शक फोनवर म्हणाले. “अतिनील प्रकाश जवळजवळ नाहीच.”

“धुळीने अडवलाय, सर.”

पेणच्या कारखान्यात, वडिलांनी घडवलेल्या गणेशमूर्तींच्या रांगांमध्ये भूमिका मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. अतिनील प्रकाश फेकतात ते नुकतेच जन्मलेले, प्रखर, अल्पायुषी तारे. म्हणून तो जिथे दिसतो तिथे जन्म चालू आहे, हे तिला मान्य होते. तो दिसत नाही तिथे सारे संपले, हे मान्य नव्हते.

“अवरक्तात ती धूळ तापलेली दिसते, सर. आत काही पेटल्याशिवाय तापेल कशी?”

“ते मोजमाप पुसट आहे.”

“मग पुन्हा मोजू.”

“त्यात वर्ष जाईल. मृत लिही, नाहीतर निबंधावर माझं नाव नसेल. कर विचार, मी फोनवरच थांबतो.”

तेवढ्यात खिडकीची काच वाजली. दरवर्षी इथूनच मूर्ती नेणारे रोह्याचे पोपटशेठ काचेला नाक लावून ओरडत होते, “पुंडलिक! कारखाना बंद केलास काय रे? मी चाललो हमरापूरच्या कारखान्यात!”

पुंडलिकने, भूमिकाच्या वडिलांनी, दार उघडले. आत तोंडाला रुमाल बांधलेली माणसे पॉलिश पेपरने मूर्ती घासत होती. पांढऱ्या पुडीने हवा भरली होती. शेठ खोकले, ओशाळले आणि म्हणून चिडले.

“काच तरी पुसत जा! बाहेरून मेल्यागत दिसतो कारखाना.”

“सकालीच पुसली व्हती, शेठ. काम चालू हाय तोवर पूड बसणारच. ज्या दिवशी काच लख्ख दिसंल ना, त्या दिवशी खुशाल जा हमरापूरला.”

भूमिकाने फोन कानाला लावला.

“काय ठरलं?”

“तुमचं नाव काढते, सर.”

“एकटीच्या नावावर कोण छापणार आहे?”

“ते छापणारे ठरवतील. मृत मी लिहिणार नाही.”

तिने फोन ठेवला. लॅपटॉपवर पुडीचा थर बसला होता. पडद्यावरची दीर्घिका जेमतेम दिसत होती. पुंडलिकने फडके पुढे केले.

“पुस गो. नीट दिसंल.”

“राहू द्या, बाबा.”

आणि पांढऱ्या पडलेल्या कळफलकावर बोटांचे ठसे उमटवीत ती लिहू लागली.